मैत्री आधी स्वतःशी

(उलवे येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



स्त्री-संघटनेच्या बैठकीत ध्यानाचा विषय निघाला की आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाळावर आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. बाईला शांत राहा, सोसून घे, मन मोठं कर असं सांगणारे आपल्याकडे कमी आहेत का? मी समुपदेशनाचं काम करते. मारहाण झालेल्या बाईला घरच्यांनी ‘जप कर, ध्यान कर, डोकं शांत ठेव’ असा सल्ला दिल्याचं मी कितीदा ऐकलं आहे. तरीही गेलं वर्षभर मी दर रविवारी उलव्यातल्या एका छोट्या बौद्ध ध्यानगटात जाते. मी तिथली नवशिकी आहे. तिथे काय मिळालं, काय खटकलं आणि चळवळीतल्या बाईने अशा ठिकाणी जाताना काय विचारून घ्यावं, एवढंच आज बोलणार आहे.

उलवे आता एक गाव राहिलेलं नाही, हे तुम्ही जाणताच. विमानतळासाठी मूळ उलव्यासह दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, २०२५ च्या डिसेंबरात विमानं उडू लागली. इमारतींत राहायला आलेल्या बायका आपलं माहेर-शेजार मागे ठेवून आल्या, आणि गाववाल्या बायकांचा अख्खा शेजारच उठला. मनातलं बोलायला माणूस दोघींनाही नाही. आमच्या गटात दोन्हीकडच्या बायका आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

मी बौद्ध घरातली. बुद्ध आमच्या भिंतीवर होताच, बाबासाहेबांच्या शेजारी. त्रिसरण-पंचशील तोंडपाठ, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन, हे सगळं होतं. डोळे मिटून बसणं मात्र नव्हतं. वडीलधाऱ्यांना त्याची शंकाच होती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी, डोळे मिटण्यासाठी नव्हे, असं ते म्हणत. ही शंका मला आजही रास्त वाटते. ती बरोबर घेऊनच मी गटात गेले.

महाराष्ट्रात नव्याने येणाऱ्या बाईला साधारण दोन वाटा दिसतात. एक इगतपुरीची. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. दहा दिवसांचं शिबिर, पूर्ण मौन, बाहेरच्यांशी संपर्क नाही, फी नाही. शिबिर संपल्यावर ऐच्छिक दान. दुसरी वाट त्रिरत्न बौद्ध महासंघाची. बाबासाहेबांना भेटलेले इंग्रज भिक्खू संघरक्षित यांनी १९६७ मध्ये लंडनला ही चळवळ सुरू केली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे शिष्य लोकमित्र पुण्यात आले, आणि वस्त्यांमधून ‘त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण’ या नावाने काम वाढलं. २०१० मध्ये नाव बदललं. दापोडीचा महाविहार आणि भाजे लेण्यांजवळचं शिबिराचं केंद्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. दहा दिवस घर सोडणं किती जणींना जमतं? आठवड्यातला दीड तास जमू शकतो. आमचा गट या दुसऱ्या पद्धतीने बसतो.

तोही दीड तास सहज मिळाला नाही. आधी वेळ सकाळी आठची होती. रविवारी सकाळी घराघरांत पोह्यांचा घाट, मागोमाग मटण. बायका येणार कशा? बायकांनीच बोलून ती दुपारी चारची करून घेतली. लहान मुलं आळीपाळीने एकजण बाहेरच्या खोलीत सांभाळते. बुधवारच्या एकत्र वर्गानंतर सतरंज्या झटकणं आणि कप विसळणं आपोआप बायकांकडे येत होतं. तो प्रश्नही आम्ही काढला. आता पाळ्या लावल्या आहेत, पुरुषांच्या नावासकट.

आता ध्यानाविषयी. सुरुवात आनापानसतीने होते. श्वास येतो-जातो, तो एक ते दहा मोजायचा, चुकलं की पुन्हा एकपासून. ऐकायला सोपं आहे. पण तीनच्या पुढे गॅस, पाणी, शाळेची फी डोक्यात येते, आणि दिवसभर आपलं मन कोणाकोणाच्या कामाला जुंपलेलं असतं ते दिसतं.

मला महत्त्वाची वाटली ती मैत्रीभावना. तिचे पाच टप्पे आहेत. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्या मित्र-मैत्रिणीचं, मग जिच्याशी ना वैर ना ओढ अशा व्यक्तीचं, चौथ्या टप्प्यात जिच्याशी आपलं पटत नाही तिचं आणि शेवटी सगळ्या प्राणिमात्रांचं. मला वाटलं होतं, चौथा टप्पा अवघड जाईल. आमच्या गटात बहुतेकींना पहिलाच अवघड गेला. एकजण म्हणाली, “माझं बरं होवो म्हटलं की डोळ्यांपुढे पोरगीच येते.” दुसरी म्हणाली, “स्वतःसाठी मागायला लाज वाटते.” जिला कोणी कधी विचारलंच नाही की तुला काय हवं, तिला हा प्रश्न स्वतःला विचारायलाही धीर लागतो. आपल्या केंद्रात आलेल्या बाईला आपण ‘तुला काय वाटतं?’ विचारतो तेव्हा ती सासूचं, नवऱ्याचं, मुलांचं सांगते. हा तोच अनुभव आहे.

चौथ्या टप्प्याबद्दल मात्र आपण सावध असलं पाहिजे. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एकजण तिसऱ्या रविवारी ध्यान चालू असतानाच उठून बाहेर गेली. नंतर म्हणाली, “त्याचं भलं चिंतायला मी इथे आले नाही.” गट घेणाऱ्या धम्मचारिणीने तिला समजावलं नाही, की टोकलंही नाही. त्या म्हणाल्या, “पाण्यावरून भांडणाऱ्या शेजारणीपासून सुरुवात कर. मारणाऱ्याला इथे आणायची सक्ती नाही.” मग त्यावर गटात चर्चा झाली. त्यातून जे निघालं ते मी माझ्या शब्दांत सांगते: मैत्री म्हणजे समेट नाही. एखाद्याचं वाईट न चिंतणं वेगळं आणि त्याच्या घरी परत जाणं वेगळं. द्वेषाने आपली झोप जाऊ नये यासाठी ध्यान करावं. पण तक्रार मागे घेण्यासाठी, संरक्षण अधिकाऱ्याकडे न जाण्यासाठी किंवा पोटगी सोडण्यासाठी त्याचा आधार कोणी घेत असेल तर तिथे ‘नाही’ म्हणायला हवं.

दुसरी सावधगिरी. हिंसा सोसलेल्या बाईला डोळे मिटले की जुने प्रसंग अंगावर येऊ शकतात. डोळे उघडे ठेवण्याची, खुर्चीवर बसण्याची, मधेच उठून जाण्याची मुभा हवी. अशा बाईला ‘दहा दिवस जाऊन ये, मोकळी होशील’ असं परस्पर सांगू नका. विपश्यना केंद्रंसुद्धा अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात. उपचार चालू असतील तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं, आणि गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

आता संघाविषयी. बुद्धाची सावत्र आई महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी गेली, नकार पचवून दारात उभी राहिली आणि आनंदाच्या मध्यस्थीने स्त्रियांना संघात प्रवेश मिळाला, असं विनयपिटक सांगतं. त्याच पिटकात आठ जाचक नियमही आहेत: शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही नव्या भिक्खूला वंदन करावं. हे नियम खुद्द बुद्धाचे की मागाहून घातलेले, यावर अभ्यासकांत वाद आहे. थेरवादी देशांत भिक्खुणीसंघ शतकानुशतकं खंडित होता. १९९६ मध्ये सारनाथला श्रीलंकेच्या दहा स्त्रियांना उपसंपदा मिळाली आणि तो पुन्हा उभा राहू लागला. थायलंडच्या अधिकृत संघाची त्याला आजही मान्यता नाही. त्रिरत्नमध्ये धम्मचारी आणि धम्मचारिणी यांची दीक्षा एकच आहे, हे मला मोलाचं वाटतं.

पण समान दीक्षा म्हणजे सत्तेचा प्रश्न संपला असं नाही. संघरक्षितांच्या शिष्यांशी असलेल्या लैंगिक संबंधांविषयी १९९७ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने लिहिलं. २०१६ च्या अखेरीस त्यांनी, आपल्यामुळे जे दुखावले त्यांच्याबद्दल खेद व्यक्त करून क्षमा मागितली. गुरू कितीही मोठा असो, शिष्याच्या ‘हो’मध्ये किती मोकळीक असते, हा प्रश्न आपण कार्यालयांत, विद्यापीठांत विचारतो, तो विहारात विचारायला संकोच कशाला?

म्हणून अशा गटात पहिल्यांदा जाताना या गोष्टी विचारा. पैसे लागतात का, आणि हिशोब कोण पाहतं? निर्णयात बायका आहेत का? शिकवणाऱ्याबद्दल तक्रार असेल तर ती कुठे करायची? यायचं थांबवलं तर कोणी राग धरेल का? घरच्या हिंसेबद्दल इथे बोलता येतं का? उत्तर द्यायला जे चिडतील त्यांच्याकडे जाऊ नका.

वर्षभरात माझ्यात काय बदललं, असं विचाराल तर थोडंसंच. समोरची बाई बोलत असताना तिची वाक्यं मी आधीसारखी पुरी करत नाही. केस हरली की रात्रभर कुढत बसणं कमी झालं आहे. राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण तो कोणावर आणि कशासाठी आहे, हे आता जरा नीट कळतं.

माझी एक सूचना आहे. आपल्या केंद्रातल्या कार्यकर्त्या दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकतात आणि संध्याकाळी स्वयंपाकाला लागतात. आठवड्यातला एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवू या. त्यात कोणी ध्यान करील, कोणी नुसती बसेल, कोणी रडेल. धर्म कोणताही असो वा नसो. त्या तासात चहा मात्र दुसऱ्या कोणी तरी करावा. तो कोणी करायचा, यापासूनच चर्चेला सुरुवात करू या.