बोट तुटायला कार्ड लागत नाही

(मोशी येथे तरुणांपुढे केलेले भाषण)



चाकणच्या शेडमध्ये प्रेसवर पोराचं बोट तुटतं. रक्त थांबायच्या आधी प्रश्न सुरू होतात. पर्मनंट का ठेकेदाराचा? ईएसआय भरलाय? रेशनकार्ड इथलं का बिहारचं? बोट तुटायला कार्ड लागत नाही, शिवायला लागतं!

ही वाटणी आभाळातून पडली नाही. मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं, तेव्हा 1944 साली अदारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला. 1948 साली कायदा झाला. मधल्या काळात, 1946 साली भोर समितीनं बजावलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडू नये. कारखान्यातल्या कामगाराचं कायद्यात आलं. बाकी सगळ्यांचं अहवालात राहिलं.

का राहिलं? ज्यांच्या हातात तिजोरी, त्यांना सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. घटनेच्या 47 व्या कलमात सार्वजनिक आरोग्य हे सरकारचं कर्तव्य म्हटलंय. पण मार्गदर्शक तत्त्वांत घातलंय, म्हणजे त्याच्या जोरावर कोर्टात खेचता येत नाही. 2017 च्या धोरणानं वचन दिलं, 2025 पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. 2025 उजाडलं, आकडा कागदावरच. योजनेला नाव महात्मा फुल्यांचं. पण ती ऑपरेशनला, भरती होण्याला. रोजच्या तापाखोकल्याचं काय?

2023 साली राजस्थाननं आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टर संपावर उतरले आणि बऱ्याच खासगी इस्पितळांना वगळायचं सरकारकडून कबूल करून घेतलं. ते संघटित आहेत. रोगी संघटित नाही.

आणि इथं? मोशी 1997 साली महापालिकेत आली. शहराचा कचरा मोशीत, मोठं वायसीएम इस्पितळ पिंपरीत. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली. पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचं राज्य होतं. जाब विचारायचा कुणाला?

पण दोस्तांनो, दोष आपलाही आहे. पर्मनंटवाले मेडिक्लेमसाठी भांडले, शेजारच्या मशीनवरच्या ठेकेदाराच्या पोराला विसरले. आपण कमानीसाठी मोर्चा काढला, दवाखान्यासाठी नाही.

आता मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा : वस्तीत दवाखाना, त्यात डॉक्टर आणि औषध, कार्ड न विचारता, कधी? तारीख घ्या. आम्ही भीक मागत नाही, थकबाकी वसूल करतोय.

जय भीम!