मुलांनीं केलेली नासधूस आणि आईबापांची जबाबदारी



एखाद्या मुलानें चेंडू मारून शेजाऱ्याच्या खिडकीची कांच फोडली, तर भरपाई कोणीं करावी? "ज्याचें मूल त्यानें," असें उत्तर आपण सगळेच देऊं. परंतु आपल्या देशांतील कायद्याचें उत्तर इतकें सरळ नाहीं, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. आणि कांहींना, मला भय वाटतें, थोडा आनंदहि होईल. तो आनंद कितपत टिकतो तें पाहूं.

नुकसानभरपाईच्या बाबतींत आपलीं न्यायालयें बहुतांशीं इंग्लंडांतील न्यायतत्त्वांस अनुसरून चालत आलीं आहेत. त्यांप्रमाणें बाप केवळ बाप आहे म्हणून मुलाच्या कृत्याबद्दल जबाबदार ठरत नाहीं. दावा मुलावर लावतां येतो खरा. पण ज्याच्याजवळ फुटकी कवडी नाहीं त्याच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून शेजाऱ्याच्या पदरांत काय पडणार? फौजदारी कायदा तर सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंच कृत्य गुन्हा मानीत नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंतील हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि कायम आहे.

मग आईबाप मोकळे झाले काय? नव्हे. मुलाच्या नव्हे, पण स्वतःच्या हयगयीबद्दल ते जबाबदार असतात. १९१६ सालच्या एका इंग्रजी खटल्यांत बापानें आपल्या पंधरा वर्षांच्या मुलास हवेची बंदूक दिली होती. तिनें खिडकी फुटल्याची तक्रार आली, तेव्हां बंदूक मोडून टाकतों असें बापानें कबूल केलें; पण मोडली नाहीं. पुढें त्याच बंदुकीनें दुसऱ्या मुलाच्या डोळ्यास इजा झाली, आणि न्यायालयानें बापास जबाबदार धरलें. उलट १९५२ सालच्या खटल्यांत, घराबाहेर बंदूक वापरूं नये अशी बापाची ताकीद असतां तेरा वर्षांच्या मुलानें ती मोडली. तो बाप सुटला, कारण वाजवी खबरदारी त्यानें घेतली होती. या दोन्ही ठिकाणीं इजा शरीरास झाली. मालमत्तेच्या नुकसानीसहि तत्त्व तेंच लागूं पडतें.

म्हणून पहिल्या तक्रारीला फार महत्त्व आहे. शेजारी दाराशीं येतो, आणि आपण पोराचा कैवार घेऊन म्हणतों, "लहान आहे, त्याला काय समजतें?" वकिलाच्या हातीं याहून चांगलें वाक्य देतां येणार नाहीं! समजत नाहीं हें आपणांस ठाऊक होतें, तर मग गलोल किंवा काडेपेटी त्याच्या हातीं कां राहूं दिली?

कांहीं ठिकाणीं तर कायदा थेट आईबापांपर्यंत पोहोंचतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें बालन्याय मंडळ आईबापांस दंड भरावयास लावूं शकतें. मोटारगाड्यांच्या कायद्यांत २०१९ सालीं झालेली दुरुस्ती याहून कडक आहे. अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द. आपणांस माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. तेव्हां, चावी दाराशेजारच्या खिळ्यास टांगलेली असे व पोरानें ती न विचारतां नेली, एवढें सांगून सुटका होईल असें आश्वासन मी कोणास देऊं शकत नाहीं.