शिपाईगडी हेमू अधिकारी



बुलढाण्याहून चिखलीकडे किंवा मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे धांवणारीं मुलें आपण पाहिलीं असतील. तीं लष्करभरतीच्या तयारीसाठीं धांवतात. त्यांतील कित्येकांचा जीव एखाद्या खेळांत गुंतलेला असतो, आणि घरचीं वडील मंडळी म्हणतात, "एकदां पलटणींत गेलास म्हणजे खेळ सुटला." हें म्हणणें ऐकलें कीं मला लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांची आठवण होते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजीं पुण्याचा. बडोद्याच्या संघांत त्यांनीं नांव मिळविलें. पण ऐन उमेदींत महायुद्ध आलें आणि ते सैन्यांत अधिकारी झाले. (आडनांवानें ते आधींच अधिकारी होते, हें आपलें जातां जातां.) पहिला कसोटी सामना वांट्याला आला तो १९४७ सालीं ब्रिस्बेन येथें, वयाचीं २८ वर्षें उलटल्यावर. हें नुकसान लहान नव्हे, आणि तें झांकण्यांत अर्थ नाहीं.

त्या सामन्यांत प्रतिपक्षाकडे कीथ मिलर होता. ऑस्ट्रेलियाचा तो रांगडा, लंबगोल चेंडूचा फुटबॉल सेंट किल्डा संघाकडून खेळलेला आणि युद्धांत लढाऊ विमान चालविलेला गडी! दोन शिपाई असे मैदानावर समोरासमोर आले. पुढें ॲडिलेडला दुसऱ्या डावांत विजय हजारे एका बाजूनें झुंजत असतां अधिकाऱ्यांनीं ५१ धांवा काढून त्यांना साथ दिली. दोघांनीं मिळून १३२ धांवा जोडल्या.

पण त्यांची खरी ओळख १९५२ सालच्या दिल्लीच्या सामन्यांत पटते. पाकिस्तानविरुद्ध आपला तो पहिलाच कसोटी सामना. नऊ गडी २६३ धांवांत परतलेले, आणि जोडीला उरलेला गुलाम अहमद हा मूळचा गोलंदाज. अशा वेळीं दुसरा फलंदाज घाईनें बॅट फिरवून मोकळा झाला असता. अधिकारी मात्र मोर्चा सोडीनात. शेवटच्या जोडीनें १०९ धांवांची भर घातली. ते स्वतः ८१ वर नाबाद राहिले, आणि सामना आपण एका डावानें जिंकला.

त्यांच्या काळांत सेनादलाचा संघ १९५६-५७ व १९५७-५८ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. पुढें १९५९ सालीं वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच मालिकेंत तीन कर्णधार होऊन गेल्यावर चौथे म्हणून त्यांना पाचारण झालें. वय चाळिशीला टेंकलेलें, समोर हॉल आणि गिलख्रिस्ट यांचा तोफखाना! दिल्लीच्या त्या अखेरच्या सामन्यांत त्यांनीं ६३ आणि ४० धांवा केल्या, तीन गडीही बाद केले, आणि सामना अनिर्णित राखला.

स्वतः ते कव्हरच्या जागेचे निष्णात क्षेत्ररक्षक. १९७१ सालीं अजित वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले, तेव्हां क्षेत्ररक्षणाच्या सरावांत त्यांनीं कोणाची गय केली नाहीं. त्याच दौऱ्यांत ओव्हलच्या मैदानावर एकनाथ सोलकरनें वेंकटराघवनच्या चेंडूवर पुढें झेंप घेऊन ॲलन नॉटचा झेल टिपला, आणि २४ ऑगस्ट रोजीं इंग्लंडच्या भूमीवर आपण पहिल्यानेंच कसोटी सामना जिंकला.