आमच्या विहिरीचे पाणी



आमच्या परसातील विहीर मामंजींनी खोदलेली, पाणी नितळ. धाकट्याच्या दातांवर तपकिरी डाग पडले, तेव्हा तो दात घासत नाही म्हणून मी त्याला फार बोलले. पुढे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. फ्लोराईड लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त नसावे. आमच्याकडे दुप्पट निघाले! केळापूर, झरी-जामणी भागात हे दुखणे जुनेच. ते डोळ्यांना दिसत नाही, उकळूनही जात नाही.

शेजारणी आमचेच पाणी नेत. सांगायला जीभ रेटेना, तरी घरोघर जाऊन सांगितले. आता विहिरीचे पाणी धुण्याभांड्यांना, पिण्याला नळाचे.

भगिनींनो, मुलाला बोल लावण्याआधी विहीर तपासून घ्या, एवढेच माझे सांगणे.