आनंद आणि आरोळी

चैत्र वद्यात तेरला गोरोबाकाकांची यात्रा भरते. ऊन डोकं भाजून काढत असतं, तेरणेच्या पात्रात पाणी असलं तर असलं, आणि तरीही समाधीमंदिरापुढं पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत मी लहानपणापासून जात आलो आहे. पहिली काही वर्षं आईच्या कडेवर गेलो, आणि आज जे सांगणार आहे ते मला कळायला पुढं चाळीस वर्षं लागली, कारण कडेवरच्या पोराला आपण कुणाच्या कडेवर आहोत याचा विचार करण्याचं कारण नसतं.

दिंडी आली की पुरुषांकडे पाहावं. टाळ वाजतात, पखवाजाची लय चढते, पावली सुरू होते. साठीचा गृहस्थ विशीतल्या पोरासारखा उडी घेतो, पटका सुटून गळ्यात येतो, त्याचं त्याला भान नसतं. त्याच दिंडीत बायकाही असतात. त्यांच्या डोक्यावर तुळस असते. आता डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला उडी कशी मारता येणार? तिचा एक हात वृंदावनाला, दुसऱ्या हातात बहुधा पोराचं मनगट. ओठ मात्र हलत असतात. आपण पाहतो आणि सहज म्हणतो, बायकांचा आनंद शांत असतो, पुरुषांचा उसळता. निसर्गानंच तसं केलं आहे म्हणे!

मला हे पटत नाही. दिंडी विसाव्याला थांबली, तुळस खाली उतरली, पोरं सावलीत निजली, की याच बायका फुगडी धरतात. तोंडात पान असलेल्या आज्या गरगरा फिरतात, एकमेकींना हरवतात, धापा टाकत खाली बसतात आणि पुन्हा उठतात. तेव्हा निसर्ग कुठं गेलेला असतो?

गोरोबांची कथा आपल्याला ठाऊक आहे. बायको पाण्याला निघाली. जाताना नवऱ्याला सांगून गेली, पोराकडे लक्ष ठेवा. गोरोबा चिखल तुडवत होते आणि तोंडानं विठ्ठलाचं नाव घेत होते. त्या नामात देहाचं भान हरपलं, आणि रांगत आलेलं मूल पायाखाली आलं. कीर्तनकार ही कथा सांगतात तेव्हा पुरुष डोळे मिटून माना डोलावतात : काय ती तल्लीनता! माझी आत्या मात्र दरवर्षी त्याच जागी पदर डोळ्याला लावायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "अरे, ती घागर घेऊन परत आली असंल तेव्हा तिला काय दिसलं असंल?" पुढं पांडुरंग मूल परत देतो, हात परत देतो, सगळं गोड होतं. आत्या तिथवर पोचतच नसे. ती त्या घागरीपाशीच थांबायची.

भान हरपण्याचा आनंद मोठा खरा. पण एकाचं भान हरपायचं तर दुसऱ्या कुणाला तरी ते राखावं लागतं. आपल्याकडे ही राखण कुणाकडे आली, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या भागातल्या जत्रांचा शेवट कुस्त्यांनी होतो. हलगी कडाडते, फडाभोवती माणसांची भिंत उभी राहते. आपल्या गावच्या पोरानं समोरच्याला चीत केलं की पटके हवेत उडतात, शिट्ट्या, आरोळ्या, पैलवान थेट खांद्यावर! बायका माळवदावरून पाहत. आमची काकू कुस्ती चालू असताना तोंडावर पदर घट्ट दाबून धरी. आतून काय आवाज निघे तो तिचा तिला ठाऊक. कुस्ती जिंकली की कनवटीची गाठ सोडून रुपया काढायची, पोराच्या हाती देऊन फडात धाडायची आणि बजावायची, "कुणी दिला म्हणून सांगू नको." पुरुष इनाम देत तेव्हा नावगावासकट पुकारा होई. रात्री तो पैलवान घरी आला की त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, कानशिलांवर बोटं मोडायची. पुरुषांना जिंकल्याचा हर्ष झालेला असे. काकूला हर्षाबरोबर धास्तीही झालेली असे, की एवढ्या हजार डोळ्यांनी पोराला पाहिलं, त्याचं काय करायचं?

शहरातली तऱ्हा फार निराळी नव्हती. बालगंधर्वांच्या नाटकांना एकीकडून 'वन्स मोअर'चा पुकारा होई, तो बहुतेक पुरुषांचा. बायका पुकारा करीत नसत. पण घरी येऊन त्या गंधर्वांसारखं लुगडं नेसत, त्यांच्यासारखे केस बांधत. त्या पिढीच्या पोशाखावर त्या नटाची छाप पडली, ती कुणाच्या टाळीनं पडली नाही. मला तर हीच दाद मोठी वाटते. टाळी थिएटरातच विरते, लुगड्याची नेसण घरोघर हिंडते.

आणि बाईनं उघड दाद दिली तर? १९६० सालच्या जानेवारीत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगनं अर्धशतक काढलं, तेव्हा एक तरुणी मैदानात धावत गेली आणि तिनं त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. रेडिओवर धावतं वर्णन करणाऱ्या विजय मर्चंटांनी थट्टेनं विचारलं, की आम्ही शतकं काढत होतो तेव्हा या मुली कुठं होत्या? सामना अनिर्णित राहिला हे आज कुणाला आठवत नाही, पण ती मुलगी अजून सांगितली जाते. हार घेऊन मैदानात घुसलेले पुरुष किती झाले, त्यातला एक तरी आपल्या ध्यानात आहे का?

आता दिवस पालटले आहेत. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदानातल्या आरोळीत बाईचा आवाज कोणता आणि पुरुषाचा कोणता, हे दूरदर्शनसंचासमोर बसून मला काही निवडता आलं नाही. आमच्या जिल्ह्याला तर मुलींच्या खेळाचं नवल राहिलेलं नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून गावोगावच्या मैदानांवर पोरींना पाहायला आया येऊन बसतात.

अशाच एका सामन्याला गेल्या हिवाळ्यात मी गेलो होतो. माझ्या पुढच्या रांगेत एक जोडपं होतं, बाईच्या मांडीवर वर्षाचं मूल. तिची धाकटी बहीण खेळत होती. शेवटच्या मिनिटात त्या पोरीनं खांबाजवळ सूर मारून गडी टिपला. बाईनं नवऱ्याकडे न पाहताच "धरा हो याला" म्हणून मूल त्याच्या हाती दिलं, उभी राहिली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की माझ्या शेजारचे गुरुजी दचकले.

नवऱ्याला टाळी वाजवायची होती. पण दोन्ही हातांत मूल होतं, आणि ते आता रडू लागलं होतं. तो त्याला खांद्यावर घेऊन थोपटत राहिला.