आईच्या हातांचे चित्र

‘आई आणि मूल’ हा विषय मिळाला, की चित्रकलेचा विद्यार्थी बहुधा दोन हसरे चेहरे रेखाटतो. परंतु वात्सल्य चेहऱ्यापेक्षा हातांत अधिक असते. जर्मन चित्रकर्त्री केटे कोलविट्झ यांनी १९०३ साली ‘मृत बालकासह स्त्री’ हे मुद्राचित्र केले. त्यासाठी सात वर्षांच्या पेटरला कवेत घेऊन त्यांनी आरशात पाहून रेखाटन केले. त्या कवेला मुलाचा खरा भार ठाऊक होता. पुढे १९१४ साली पहिल्या महायुद्धात पेटर कामी आला. कल्पिलेला वियोग खरा ठरला. विद्यार्थ्याने आधी घरीच पाहावे : निजलेल्या मुलाच्या भाराने आईचा खांदा कसा कलतो, बोटे कशी वळतात. तेवढे साधले, तर चेहरा कोरा राहिला तरी चालेल.