रूपाची परीक्षा आणि प्रेम



चेन्नईजवळच्या आवडी या गावात मराठी माणूस येतो तो बहुधा नोकरीपायी. कुणी रणगाड्यांच्या कारखान्यात, कुणी हवाई दलात, कुणी राखीव पोलीस दलात. मुलं लग्नाची झाली की इथून गावाकडे बायोडाटा जातो. त्यात ‘वर्ण’ नावाचा रकाना असतो आणि तो भरताना आपण सगळेच थोडी लबाडी करतो. सावळी मुलगी ‘गव्हाळ’ होते, गव्हाळ मुलगी ‘निमगोरी’. स्टुडिओवाला तर न सांगताच फोटो उजळ करून देतो.

लग्न जमलं की तो रकाना निकालात निघाला, असं आपण धरून चालतो. तो निघत नाही. नवरा म्हणतो, “आज छान दिसतेस.” ती म्हणते, “म्हणजे रोज दिसत नाही?” तो गप्प होतो आणि पुढच्या वेळी काही बोलतच नाही. मग तिला वाटतं, बघा, माझं खरंच होतं. बिचाऱ्यानं कौतुक केलं होतं. तिनं त्याला परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं. पुरुषही यातून सुटत नाहीत. टक्कल पडलं, उंची कमी पडली की तेही बायकोच्या प्रत्येक हसण्यात टोमणा शोधतात.

दिसण्यात कमी पडण्याची ही भीती कुणी पोटातून घेऊन येत नाही. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम बाजारात आली आणि गोरेपणाला वर मिळतो, नोकरी मिळते, ही गोष्ट तिच्या जाहिरातींनी घरोघरी पोचवली. २००५मध्ये पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आली. त्याविरुद्ध आवाज उठला तो आपल्या या चेन्नईतूनही. ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेनं २००९मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू केली. २०१३मध्ये अभिनेत्री नंदिता दास तिच्यात उतरल्या. २०१४मध्ये जाहिरात मानक परिषदेनं नियम केला, की सावळी माणसं लग्नात, नोकरीत किंवा आकर्षणात कमी पडतात असं दाखवायचं नाही. २०२०मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातलं ‘फेअर’ गेलं. जी गोष्ट थांबवायला नियम करावा लागला, ती आपल्या मनात किती मुरली असेल!

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटातला जब्या आठवा. आवडत्या शालूशी बोलायचं धाडस त्याला होत नाही. तो काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो, कारण तिची राख टाकली की मुलगी वश होते असं त्यानं ऐकलंय. त्याच्या बाबतीत रूपाची लाज जातीच्या मारापासून वेगळी काढता येत नाही, हे विसरून चालणार नाही. पण एक पाहा: शालूच्या मनात काय आहे, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. स्वतःच्या दिसण्यात अडकलेल्याला समोरचं माणूस असंच दिसेनासं होतं. वरून हा नम्रपणा वाटतो. खरं तर त्यात सगळं लक्ष स्वतःवरच असतं.

यातून वाट निघते का? पु. लं.च्या ‘सुंदर मी होणार’ या नाटकामागे जिची कथा आहे, ती कवयित्री एलिझाबेथ बॅरेट वर्षानुवर्षं आजारी होती, तिच्यावर प्रेम करणाऱ्या कवी रॉबर्ट ब्राउनिंगपेक्षा सहा वर्षांनी मोठी होती. त्याचं पहिलं पत्र जानेवारी १८४५चं. भेट मात्र ती मे महिन्यापर्यंत टाळत राहिली. नंतरही त्याच्या प्रेमाबद्दलच्या तिच्या शंका लगेच फिटल्या नाहीत. पण त्याच काळात तिनं त्याच्या कवितांवर बारकाईनं टिपणं काढून दिली. तो काय लिहितो, कुठे अडतो, इकडे तिचं लक्ष गेलं. सप्टेंबर १८४६मध्ये दोघांनी लग्न केलं.

म्हणून आईबापांना माझं सांगणं, बायोडाट्यातला तो रकाना काढून टाका. आणि तरुणांना सांगणं, कुणी छान दिसतोस म्हणालं तर वाद घालू नका. “बरं वाटलं” म्हणा आणि त्याचा दिवस कसा गेला ते विचारा.